गाडीचा एसी वीस मिनिटं गार, मग कंप्रेसरचा क्लच लागतच नाही. कंप्रेसर खरंच बदलावा लागेल का?

फर्मागुडीकर:
नमस्कार. माझी छोटी पेट्रोल गाडी २०१२ ची आहे, एक लाख अठरा हजार किलोमीटर झालेत. दर पंधरा दिवसांनी आईला हृदयाच्या तपासणीसाठी बांबोळीला न्यावं लागतं. घरून निघताना एसी अगदी गार असतो. म्हार्दोळ मागे पडलं की भोमच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तिथेच कुठेतरी वारा कोमट होतो आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत नुसती गरम हवा. काच खाली केली तर मे महिन्यातली दमट हवा आणि ट्रकांचा धूर आत येतो. आई तक्रार करत नाही, पदर नाकाला लावून गप्प बसते. मला ते बघवत नाही.

परवा कडेला थांबून बॉनेट उघडलं. बेल्टवर कंप्रेसरची पुली फिरत होती, पण तिच्या पुढची चकती स्थिर. आत एसीचा दिवा चालूच. बांबोळीला गाडी दीड तास उभी राहिली. परतताना बटण दाबलं, 'टक्' आवाज आला आणि पुन्हा वीस मिनिटं गारवा.

एका गॅरेजमध्ये वर्षभरात दोनदा गॅस भरून घेतला. आता म्हणतात कंप्रेसर गेला, नवा घाला, २८ हजार. पैशांची सोय होईल, पण सकाळी इतकं गार करणारा कंप्रेसर गेलाय हे पटत नाही. काय तपासू? घरी मल्टिमीटर आहे. शाळेत विज्ञान शिकवतो, मोजमाप नीट करीन.

म्हापशाचा एसीवाला:
सर, कंप्रेसर इतक्यात काढू देऊ नका. आतून गेलेला कंप्रेसर गार गाडीतही खडखडतो किंवा कूलिंगच देत नाही. तुमचा तसा नाही.

तुम्ही म्हणता क्लच लागत नाही, ते बरोबर आहे, पण तो चालता चालता सुटतो असं समजू नका. कूलिंग पुरेसं झालं की सेन्सर क्लच सोडतो आणि थोड्या वेळाने परत लावतो, हे दिवसभर चालूच असतं. पुलीमागच्या कॉइलमध्ये करंट आला की तिचा मॅग्नेट होतो आणि तो चकतीला पुलीकडे ओढतो, हाच एसीचा क्लच. चकती पुलीला चिकटलेली असेल तेव्हा तिला धरून ठेवायला थोडीच ताकद पुरते. सुटलेली चकती मधली फट ओलांडून ओढायला खूप लागते. चकती झिजली की फट वाढते. इंजिन थंड असताना मॅग्नेट ती कशीबशी ओढतो, तापला की त्याला जमत नाही.

पण हा झाला अंदाज. आधी एवढंच बघा: चकती स्थिर असते त्याच वेळी मॅग्नेट कॉइलच्या वायरवर करंट येतो का? येत नसेल तर क्लच सोडून द्या आणि रिले, प्रेशर स्विच, सेन्सर यांच्याकडे वळा. दोनदा गॅस भरलाय म्हणून एक शंका आहेच. छोट्या गाडीत साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या आसपास गॅस मावतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. वजन न करता भरला असेल तर जास्त झाला असू शकतो. मग ट्रॅफिकमध्ये प्रेशर चढतं आणि स्विच लाईन तोडतो. एसी चालू केल्यावर पुढचा फॅन फिरतो का तेही बघा.

आणि इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात, बाही, मीटरची लोंबती वायर काही जाऊ देऊ नका. मीटरच्या पिना इंजिन बंद असतानाच लावून बांधून ठेवा.

वास्कोचा जुना ड्रायव्हर:
मिस्त्रींच्या सांगण्यात एक भर घालतो, कारण माझे यात दोन उन्हाळे गेले. पुष्कळ गाड्यांत कॉइलला एकच वायर असते, परतीचा करंट कंप्रेसरच्या बॉडीतून जातो. मी बंदराजवळ राहतो, खाऱ्या वाऱ्याने इंजिनाच्या अर्थिंगचा बोल्ट हिरवा पडला होता. वायरवर मीटर लावलं की व्होल्ट पूर्ण दिसायचे आणि क्लच मात्र मरगळलेला. म्हणून मीटरची एक पीन कंप्रेसरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावून बघा. एसी चालू असताना तिथे जवळजवळ शून्य हवं. माझ्याकडे दीड व्होल्ट होता. बोल्ट घासून बसवला, काम झालं.

फर्मागुडीकर:
दोघांचेही आभार. रविवारी अंगणात इंजिन आणि एसी चालू ठेवून बसलो. चाळीस मिनिटांनी चकती थांबली. त्या वेळी बॅटरीवर १३.९ व्होल्ट, कॉइलच्या वायरवर १३.४, बॉडी ते मायनस ०.१. म्हणजे अर्थिंग ठीक आणि करंट पोचतोय. पुढचा फॅन फिरत होता.

मग इंजिन बंद करून लगेच कॉइलचा रोध मोजला: ४.७ ओहम. सकाळी थंड असताना ३.७ होता. तांबं तापलं की रोध वाढतो हे दरवर्षी मुलांना सांगतो, पण आईच्या प्रवासाशी त्याचा असा संबंध निघेल असं कधी वाटलं नव्हतं. हिशेब केला तर करंट ३.६ अँपिअरवरून २.९ वर येतो. ओढ करंटच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे साधारण साठ-बासष्ट टक्केच उरते.

चकती आणि पुलीमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजली: ०.९, ०.९५, ०.९ मिलिमीटर.

म्हापशाचा एसीवाला:
झालं निदान. बहुतेक छोट्या गाड्यांत ही फट ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. कॉइल तुटलेली नाही, शॉर्टही नाही.

चकतीच्या मधला नट काढा. चकती हाताने निघाली तर बरं, नाहीतर पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, वाकते. तिच्या मागे शाफ्टवर पातळ वायसर असतात, त्यालाच शिम म्हणतात. एक काढा, बसवा, परत तीन ठिकाणी फट मोजा, चकती हाताने फिरवून कुठे घासत नाही ना बघा. गॅसच्या लाईनला हात लावावा लागत नाही, त्यामुळे गॅस जात नाही.

काढल्यावर दोन गोष्टी नीट बघा. चकतीचा घासणारा भाग जळून निळा पडलाय का? पुढच्या बाजूला तेलाचा ओशटपणा आहे का? तेल असेल तर शाफ्टचं सील गळतंय, मग शिम काढून उपयोग नाही, आणि दोनदा गॅस का भरावा लागला तेही कळेल.

साखळीची सई:
पुलीचं बेअरिंगही त्याच वेळी बघून घ्या दादा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर बेअरिंगचा संशय घ्या. आमच्याकडे ते दुर्लक्षित राहिलं आणि शेवटी बेल्ट तुटला, चोर्ला घाटात.

फर्मागुडीकर:
शनिवारी शेजारच्या मिस्त्रीला बोलावून दोघांनी काम केलं. दोन शिम निघाले, एक काढला. फट आता ०.५, ०.५, ०.४५. तेल नव्हतं. बेअरिंग गुळगुळीत फिरतं. चकतीवर एका बाजूला थोडा निळसर पट्टा आहे. स्टिकरप्रमाणे ३८० ग्रॅम गॅस हवा. मशीनवर गॅस बाहेर काढून मोजला तर ५१० निघाला, बरोबर मोजून परत भरला.

गुरुवारी आईला घेऊन गेलो. भोमला पंचवीस मिनिटं अडकलो होतो. क्लच सुटत होता, लागत होता, दर वेळी 'टक्' ऐकू येत होतं. जुन्या गोव्याजवळ आईने एसी कमी करायला सांगितला, तिला थंडी वाजत होती.

त्या निळ्या पट्ट्याचं काय करू?

म्हापशाचा एसीवाला:
पट्टा थोडाच आहे तर चालवा. सहा महिन्यांनी परत फट मोजा. ०.७ च्या वर गेली तर चकती-पुली-कॉइलचा सेट घाला, कंप्रेसर तोच ठेवा. आणि पावसाळ्यात गरज नसली तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावा, शाफ्टच्या सीलला तेल पोचत राहतं. आईंना नमस्कार सांगा.