'रिकव्हरी ५ ते ७ दिवस' ही निव्वळ धूळफेक आहे का?

दुपारचं_ऊन:
मुरमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर करून घेतलं, त्याला आज अकरा आठवडे झाले. आधी हातात एक कागद दिला होता, त्यावर ठळक अक्षरांत 'रिकव्हरी: ५ ते ७ दिवस'. सातव्या दिवशी खपल्या पडल्या, हे मान्य. पण खालून निघालेला चेहरा भाजल्यासारखा लालबुंद. लाली ओसरते न ओसरते तोच चौथ्या आठवड्यात दोन्ही गालांवर काळपट तपकिरी डाग उमटले, ते अजून मुक्कामाला आहेत. माझा रंग सावळा, हे सांगायला हवं.

माझं मत असं की हा आकडा वरची जखम मिटण्याचा आहे. चेहरा आपला वाटायला लागणारे महिने त्यात धरलेलेच नाहीत. ज्याला निदान सहा महिने आरशाशी भांडायची तयारी नाही, त्याने लेझरच्या वाटेला जाऊ नये. आणि सावळ्या माणसाने तर मुळीच नाही. पटतंय का बघा, नाही पटलं तर भांडा.

खरखरीत:
भांडतो. मीही सावळाच, आणि तीन सिटिंग झाल्यात. पहिल्या खेपेला मलाही डाग आले होते, जायला साडेचार महिने लागले, पण गेले. खड्डे मात्र वीस वर्षं आपणहून एक तसूभरही भरले नव्हते.

खड्डे घेऊन जगणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी बाकीच्यांसाठी लिहितो. कुठेही गेलो की आधी खिडकी कुठे आहे ते बघायचो आणि तिच्याकडे तोंड करून बसायचो. समोरून उजेड आला की खड्डे दिसत नाहीत, बाजूने आला की प्रत्येकाची सावली पडते. ही सवय आता सुटली. चेहरा गुळगुळीत झालेला नाही, खड्डे साधारण निम्म्याने उथळ झालेत. मला तेवढं पुरतं. तुम्ही अकराव्या आठवड्यात निकाल लावताय, तो फार लवकर आहे.

आडवा_विचार:
चेहऱ्याला हजारो भोकं पाडून घ्यायची आणि मग रडायचं. आहे तसं राहायला काय होतं?

खरखरीत:
@आडवा_विचार, तुमचा चेहरा बहुधा गुळगुळीत असावा. अभिनंदन.

तळटीप:
भोकं हा शब्द चेष्टेत आला असला तरी अचूक आहे. १९९० च्या दशकात सीओटू लेझरने चेहऱ्याचा अख्खा वरचा थरच उडवत. परिणाम जबरदस्त, पण दोन आठवडे उघडी जखम, कित्येक महिने लाली, आणि काहींची त्वचा वर्षभराने पांढुरकी पडायची. हा पांढुरकेपणा बरेचदा कायमचा. २००४ मध्ये फ्रॅक्शनलची कल्पना मांडली गेली: सगळी त्वचा जाळण्याऐवजी केसाइतके बारीक खांब जाळायचे आणि मधली त्वचा शाबूत ठेवायची. त्या शाबूत त्वचेतल्या पेशी बाजूने सरकून जखम झाकतात, म्हणून ती इतक्या लवकर मिटते. कागदावरचे ५ ते ७ दिवस इथून आले. कोलॅजेनची (त्वचेला भरीव ठेवणाऱ्या प्रथिनाची) डागडुजी मात्र खालच्या थरात चालते आणि तिला तीन ते सहा महिने लागतात. दोन्ही घड्याळं खरी, कागदावर एकच छापतात.

सावळ्या त्वचेबद्दल: सीओटूची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती पेशींतलं पाणी शोषतं, रंगद्रव्याशी तिला देणंघेणं नाही. मग डाग का? कारण उष्णता आजूबाजूला झिरपते, दाह होतो, आणि गडद त्वचेतल्या रंगपेशी दाहाला लगेच रंग ओतून उत्तर देतात. इथे प्रत्येक टिंब किती खोल आहे यापेक्षा टिंबं किती दाट मारली याला जास्त महत्त्व. म्हणजे विरळ मारा, सिटिंग वाढवा, दोन सिटिंगमध्ये अंतर ठेवा. 'मुळीच नाही' हा सल्ला त्यामुळे मला पटत नाही. वांग असेल तर मात्र मी धागाकर्तीच्या बाजूने. वांगावर लेझर म्हणजे आगीत तेल, बरेचदा आधीपेक्षा गडद होऊन परत येतो.

दुपारचं_ऊन:
@तळटीप, विरळ-दाट हा शब्दच मी आज पहिल्यांदा ऐकतेय. मला कोणी सांगितलं नाही. कानामागे छोट्या जागी आधी चाचणी घेतात म्हणे, तीही झाली नाही. एका बैठकीत 'जोरात करून टाकू' म्हणाले आणि मी मान डोलावली.

माझीही एक चूक कबूल करते. पाचव्या दिवशी गालावर हात फिरवला तर बारीक सँडपेपरसारखं लागत होतं. जवळून पाहिलं तर वहीच्या चौकटींसारखी टिंबांची जाळी, प्रत्येक टिंबावर तांबूस कण. खाज तर अशी की झोप नाही. नखाने एका बाजूचे कण खरवडले. डावा गाल. डाग तिथेच जास्त आहेत.

सावलीतली:
मी अशाच एका लेझरच्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. कागदावर आणखी बारा ओळी असतात, लोक पहिलीच वाचतात. जखम उघडी आहे तोवर साधं पेट्रोलियम जेली पुन्हा पुन्हा लावायचं, कोरडं पडू द्यायचं नाही. वाऱ्याला ठेवलं की लवकर सुकून बरं होतं ही समजूत चुकीची, ओलसर जखम लवकर भरते. घरात पडलेली अँटिबायोटिक ट्यूब लावू नका, कच्च्या त्वचेला तिची ॲलर्जी येते आणि जंतुसंसर्ग झाल्यासारखंच दिसतं. फार थापलं तर पांढरे दाणे आणि पुटकुळ्या येतात, त्याला घाबरू नका. ओठांवर कधी 'जर' (हर्पीसचे फोड) उठला असेल तर आधीच सांगा, आम्ही विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतो. नाहीतर ते फोड अख्ख्या उघड्या चेहऱ्यावर पसरू शकतात, आणि त्यांचे वण राहतात.

एक गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवा. आग आणि दुखणं पहिल्या दोन दिवसांनंतर कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढायला लागलं, पू दिसला किंवा बारीक फोडांचा पुंजका उठला, तर फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी या.

नखं लावू नका हेही कागदावर असतं, ताई.

दुपारचं_ऊन:
असतं. मान्य. मग ठळक अक्षरांत तोच आकडा का? 'नखं लावू नका' ठळक का नाही? 'लाली काही आठवडे ते महिने' हे दहाव्या ओळीत, बारीक टाइपात का?

सावलीतली:
कारण ते ठळक छापलं तर निम्मी माणसं दारातूनच परत जातील. हे माझं मत, कागद मी छापत नाही.

खरखरीत:
निदान कोणीतरी खरं बोललं.

आडवा_विचार:
म्हणजे माझं म्हणणं बरोबरच की. एवढी लपवाछपवी करावी लागते, तर करू नये.

तळटीप:
नाही हो. माहिती वाईट दिली म्हणून उपचार वाईट ठरत नाही. असल्या माहितीत जुन्या समजुतीही पिढ्यानपिढ्या चालत येतात. आयसोट्रेटिनॉइन (मुरमांवरच्या गोळ्या) घेतलं असेल तर सहा महिने थांबा हा नियम सरसकट सांगत. २०१७ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी पुरावा तपासला, तर फ्रॅक्शनल लेझरसाठी एवढं थांबायला लावण्याइतका आधार सापडला नाही. अख्खा थर उडवायचा असेल तर मात्र थांबावं. (अवांतर: हे वाचून कोणी गोळ्या चालू असताना परस्पर निर्णय घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारा.)

आणि खड्डे सगळे एकसारखे नसतात. पसरट, उथळ खड्ड्यांना लेझर चांगलं. सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल असतील तर लेझर तळापर्यंत पोचतच नाही, तिथे खड्ड्यात आम्लाचा थेंब टाकण्याची पद्धत असते. डागांची धास्ती असेल तर मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी टोचणं. उष्णता नसते, म्हणून डाग कमी. सिटिंग जास्त लागतात.

खरखरीत:
@दुपारचं_ऊन, उन्हाचं काय केलंत? माझे डाग लांबले ते त्यानेच. बाहेर जाताना सनस्क्रीन लावायचो, पण घरी दिवसभर खिडकीशी बसून काम. नंतर कळलं की नुसत्या दृश्य उजेडानेही सावळ्या त्वचेवरचे डाग गडद होतात, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं.

दुपारचं_ऊन:
माझं टेबल खिडकीला लागूनच आहे. डाव्या हाताला खिडकी.

खरखरीत:
मग सगळं पाप नखाच्या माथी मारू नका. टेबल फिरवा. आणि एक करा: आज रात्री दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने गालावर धरा, फोटो काढा, करण्याआधीचा तसाच फोटो असेल तर शेजारी ठेवा.

दुपारचं_ऊन:
फोटो होता. आत्ताच पाहिलं. उजव्या गालावरचा, नाकाजवळचा तो मोठा खड्डा, ज्यात मी पावडर भरायचे, त्याची सावली निम्म्याहून कमी झालीये. डाव्या गालावर डागांमुळे नीट कळत नाही. सहा महिन्यांचं माझं मत तसंच राहील. 'मुळीच नाही' तेवढं मागे घेते. टेबल उद्या फिरवते, आत्ता त्यावर फार पसारा आहे.