टिनाचं घर आणि थंडी

दादा, थंडीत ऊब राहावी म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद करून रात्रभर निखाऱ्याची शेगडी खोलीत ठेवायचं तुम्ही लिहिलंत, तेवढं कृपा करून कोणी करू नका. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित वाटतात, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस झोपेतच जातो. शेकोटी अंगणातच करा. पराटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या) आपल्याकडे काय कमी आहे?

मुळात ऊब टिकवायची सोय दिवाळीनंतर लगेच करावी. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा आमच्याकडे वरून टिन आणि भिंत-टिनाच्या मधे हातभर फट. पहाटे आतल्या दमट हवेचं पाणी होऊन टिनावरून आईच्या गोधडीवर टपटप पडायचं. दुसऱ्या वर्षी उत्तरेकडची फट तुराट्या बांधून, वरून शेण-माती लिंपून बुजवली. दक्षिणेकडची वरची थोडी मुद्दाम उघडी ठेवली, कारण दमट हवेला वाट हवीच. टिनाखाली जुन्या लुगड्यांचं छत ताणलं. चूल मात्र त्या छतापासून लांब, वेगळ्या पडवीत.

ज्यांच्या घरावर कवेलू (कौलं) आहेत त्यांनी फुटके कवेलू आत्ताच बदलून घ्या. आणि म्हाताऱ्या माणसांची खाट दारासमोरून हलवा, खाली तणसाची (भाताच्या पेंढ्याची) जाड गादी घाला. खालून येणारा गारवा पांघरुणानं अडत नाही.