क्रूझच्या लहान केबिनमध्ये आईची मोबिलिटी स्कूटर न्यायची आहे : अनुभवी प्रवाशांकडून मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांनी आई, बाबा आणि मी आठ दिवसांच्या क्रूझवर जाणार आहोत. आई-बाबांची केबिन एक आणि माझी त्यांच्या शेजारची, अशी रचना आहे. आई ७४ वर्षांची आहे. मणक्याच्या दुखण्यामुळे ती काठीच्या आधाराने वीस-पंचवीस पावले चालते आणि त्यानंतर तिला कुठेतरी टेकावेच लागते. गेली चार वर्षे घराबाहेर ती बॅटरीवर चालणारी चारचाकी मोबिलिटी स्कूटर वापरते. त्या स्कूटरमुळे तिचे बाहेर पडणे पुन्हा सुरू झाले आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मी जरा सविस्तर मांडत आहे.

बुकिंग करताना आम्ही स्कूटरविषयी स्पष्ट सांगितले होते. "जहाजावर सगळी सोय असते" एवढेच उत्तर मिळाले आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात हाती आली ती खिडकी नसलेली, सुमारे १५ चौरस मीटरची साधी केबिन. दिव्यांगांसाठीच्या केबिन तोवर भरल्या होत्या. प्रतीक्षायादीत नाव नोंदवले आहे, पण त्या आशेवर बसून राहणे मला योग्य वाटत नाही.

जहाज कंपनीला मी स्वतः लिहिले, तेव्हा दोन गोष्टी लेखी कळल्या. पहिली म्हणजे साध्या केबिनच्या दाराची मोकळी रुंदी ५८ सेंटिमीटर आहे (दिव्यांगांसाठीच्या केबिनची ८० सेंटिमीटरच्या पुढे असते). दुसरी म्हणजे स्कूटर रात्री केबिनच्या आतच ठेवावी लागेल. कॉरिडॉरमध्ये, जिन्याखाली किंवा लिफ्टसमोर ती कोणत्याही परिस्थितीत ठेवता येणार नाही. आमची स्कूटर ५३ सेंटिमीटर रुंद, १०४ सेंटिमीटर लांब आणि बॅटरीसह ५२ किलो वजनाची आहे. दोन्ही आकडे शेजारी मांडले तेव्हा आम्हाला वाटले की प्रश्न सुटला, कारण पाच सेंटिमीटर जागा उरते.

तो समज बाबांनी काढलेल्या नकाशाने दूर केला. जहाजाच्या संकेतस्थळावरील आराखडा समोर ठेवून त्यांनी हॉलमधील सामान भिंतीला लावले आणि फरशीवर खडूने पूर्ण केबिन आखली : दार, दारातून आत येताच एका बाजूला न्हाणीघर आणि दुसऱ्या बाजूला कपाट, त्यामधली चिंचोळी वाट, पुढे जोडलेले दोन पलंग, टेबल आणि खुर्ची. दाराबाहेरचा कॉरिडॉरही त्यांनी ११० सेंटिमीटरचा आखला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोन स्टुले उभी केली. आईने स्कूटर त्या कॉरिडॉरमधून आणली आणि दाराकडे वळवली. पुढची चाके आत गेली, पण मागचे डावे चाक कॉरिडॉरच्या पलीकडच्या रेषेवरून बाहेर गेले, म्हणजे खऱ्या जहाजावर ते भिंतीत घुसले असते. पाच वेळा प्रयत्न केला, पाचही वेळा तेच झाले. शेवटी बाबांनी मागची बाजू उचलून सरकवली तेव्हा स्कूटर आत गेली, पण मग ती त्या चिंचोळ्या वाटेतच अडकून राहिली आणि न्हाणीघराचे दार उघडेना. बाबाही सत्तरी ओलांडलेले आहेत. हे उचलणे त्यांनी रोज दोन-चार वेळा करावे, असे मला मुळीच वाटत नाही.

आता माझ्यापुढे तीन मार्ग आहेत. हीच स्कूटर न्यायची आणि रोज दाराबाहेर तिचे भाग सुटे करून आत घ्यायचे. आसन, बॅटरीचा खोका, पुढचा आणि मागचा भाग असे ते सुटतात, पण मागचा भाग एकटाच १८ किलोचा आहे. दुसरा मार्ग म्हणजे घडी होणारी हलकी स्कूटर भाड्याने किंवा विकत घेणे. तिसरा मार्ग म्हणजे स्कूटर घरी ठेवून साधी, ढकलण्याची व्हीलचेअर नेणे. तिसरा मार्ग सगळ्यांत सोपा आहे हे मला कळते, परंतु व्हीलचेअरवर आईला प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागेल. ती आताच म्हणू लागली आहे, "मी केबिनमध्ये वाचत बसेन, तुम्ही दोघे फिरून या." ज्या सहलीसाठी आम्ही दोन वर्षे पैसे साठवले, ती तिने खिडकी नसलेल्या खोलीत काढावी ही कल्पना मला सहन होत नाही.

ज्यांनी अशा साध्या केबिनमधून स्कूटरसह प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे की स्कूटर रात्री नेमकी कुठे उभी केली आणि उठून न्हाणीघरात जाण्याची वाट कशी मोकळी ठेवली. चार्जिंगचाही प्रश्न आहे, कारण आमच्या चार्जरची वायर जेमतेम दीड मीटर आहे आणि एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नये असे कंपनीने कळवले आहे. शिवाय पाचपैकी दोन बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीने किनाऱ्यावर न्यावे लागते. तिथे स्कूटर नेता येते का, हेही जाणून घ्यायचे आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, तुमच्या बाबांनी खडूने केबिन आखली हे फार उत्तम केले. माझ्या पत्नीच्या स्कूटरसह मी तीन क्रूझ केल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या वेळी आम्ही फक्त दाराची रुंदी मोजून गेलो आणि पहिली संध्याकाळ कॉरिडॉरमध्ये घाम गाळत काढली.

दाराइतकेच महत्त्व कॉरिडॉरमधील वळणाला आहे. तुमच्या स्कूटरचा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण सुमारे ११७ सेंटिमीटर येतो. ११० सेंटिमीटरच्या कॉरिडॉरमध्ये ती जागच्या जागी वळूच शकत नाही, मग चालवणारी व्यक्ती कितीही सराईत असो. त्यातच सकाळी साफसफाईच्या गाड्या दारांसमोर उभ्या असतात. त्यामुळे तुमचा पहिला मार्ग मी सोडून देईन. आम्ही पुढे घडी होणारी स्कूटर घेतली. ती उघडी असताना ४६ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे तिचा कर्ण १०१ सेंटिमीटर होतो. तरीही पत्नी ती चालवत आत नेत नाही. दाराशी उतरते, काठीने चार पावले आत जाऊन पलंगावर बसते आणि मी स्कूटर मोकळी करून हाताने आत ओढतो. तुमच्या आई वीस पावले चालू शकतात, त्यामुळे ही पद्धत त्यांना निश्चित जमेल. कंपनीला कळवतानाही ही गोष्ट आवर्जून लिहा, कारण जी व्यक्ती अजिबात चालू शकत नाही तिला काही कंपन्या साधी केबिन देतच नाहीत.

जागेविषयी सांगायचे तर जोडलेल्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा सुटते आणि ती कोणत्याच कामाला येत नाही. पहिल्याच दुपारी केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटून पलंग एका भिंतीला लावून मिळेल का, हे विचारा. आम्हाला दोन वेळा लावून मिळाला. तिसऱ्या जहाजावर पलंग हलवता येण्यासारखा नव्हता, तेव्हा टेबल आणि खुर्ची बाहेर काढून घेतली. बॅगा पलंगाखाली जातात. घडी केलेली स्कूटर पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते. तिचा ब्रेक लावलेलाच ठेवा. हाताने ढकलण्यासाठी मोटर मोकळी करणारी जी खटकी असते, ती आत आणल्यावर परत जागेवर आणायला आम्ही एकदा विसरलो होतो. रात्री समुद्र खवळला आणि स्कूटर घरंगळत येऊन दारावर आदळली.

चार्जरवर "इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" असे छापलेले आहे का ते आधी पाहा, कारण जहाजांवर पुष्कळदा ११० आणि २२० व्होल्टचे वेगवेगळे सॉकेट असतात आणि पिनाही वेगळ्या असतात. सॉकेट बहुधा टेबलापाशीच असतात. वायर आखूड असेल तर स्कूटर तिथवर नेण्याची गरज नाही. बॅटरीचा खोका सुटा होत असेल आणि चार्जरची खाच त्या खोक्यावरच असेल, तर तो टेबलावर ठेवून चार्ज करता येतो. एक्स्टेंशन बोर्डाच्या बाबतीत कृपया वाद घालू नका. जहाजाची वीजव्यवस्था घरातल्यासारखी नसते आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरण वाचवणारी सोय) असलेला बोर्ड तिथे तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकन तटरक्षक दलाने २०१३ मध्ये त्याविषयी खास इशारा दिला होता. बंदरापर्यंत विमानाने जाणार असाल तर लिथियम बॅटरीचे वॉट-अवर (बॅटरीत साठणारी ऊर्जा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर) मोजून लिहून ठेवा. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॉट-अवर. घडीच्या स्कूटरमधून काढून हातातल्या सामानात न्यायच्या एका बॅटरीला ३०० वॉट-अवरची मर्यादा असते, आणि त्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

कॉरिडॉरच्या नियमाविषयी एक सांगावेसे वाटते. तो नियम ऐकायला निष्ठुर वाटतो, पण धूर भरला आणि दिवे गेले की माणसे भिंत चाचपडत त्याच वाटेने बाहेर पडतात. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीही नव्हती. जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाहीत, म्हणून आईंना जिन्यावरून मदत लागेल ही नोंद कंपनीच्या अर्जात आधीच करा आणि कवायतीच्या वेळी तुमच्या मजल्यावर मदतीला कोण येणार हे विचारून घ्या.

दुसरा प्रतिसाद

मी स्वतः स्कूटर वापरते, म्हणून तुमच्या आईच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते.

व्हीलचेअरचा मार्ग कृपया स्वीकारू नका. पहाटे कोणालाही न उठवता वरच्या डेकवर जाऊन समुद्र पाहणे मला स्कूटरमुळेच शक्य झाले, आणि तेवढ्यासाठीच मी पुन्हा क्रूझवर गेले. मात्र दरवाजा आणि स्कूटर यांच्या हिशेबात न्हाणीघराचा उंबरठा विसरू नका. साध्या केबिनमध्ये तो चांगला उंच असतो आणि जहाज हलत असताना पाय अडखळतो. जिथे धरायला दांडा नसतो तिथे नेमका कशाचा आधार घ्यायचा, हे पहिल्या दिवशी उजेडात ठरवून ठेवावे. रात्री पांघरुणातून उठून ठरवणे जमत नाही. केबिन लिफ्टजवळची आणि जहाजाच्या मध्यभागातली मिळत असेल तर बदलून घ्या. मध्यभागी हेलकावे कमी जाणवतात.

लहान बोटीच्या बंदरांविषयी मनाची तयारी ठेवा. बोटीत चढताना स्वतःच्या पायांनी एखादे पाऊल टाकता येणे बहुतेक ठिकाणी आवश्यक असते, जड स्कूटर नाकारतात, आणि लाटा पाहून त्या सकाळचा अधिकारी जो निर्णय देईल तो अंतिम असतो. घडीची स्कूटर दोनदा माझ्याबरोबर आली, एकदा आली नाही. धक्क्याला लागलेल्या जहाजावरही भरती-ओहोटीनुसार उताराची पायवाट कधी सपाट तर कधी फार चढाची होते. तशा वेळी मी उतरते आणि कर्मचारी स्कूटर खाली नेतात.

प्रवास युरोपीय संघातील बंदरातून सुरू होत असेल तर मदतीची गरज बुकिंगच्या वेळी आणि उशिरात उशिरा ४८ तास आधी कळवावी, असे तिथला २०१० चा नियम सांगतो. तुम्ही ती आजच कळवा, लेखी कळवा आणि स्कूटरची मापे, वजन व बॅटरीचा प्रकार एकाच पत्रात लिहा.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. कर्णाचा हिशेब वाचल्यावर बाबांनी लगेच टेप घेऊन तो पुन्हा मोजला आणि पाच वेळा का फसले हे त्यांना पटले. घडीची स्कूटर आम्ही आधी महिनाभर भाड्याने घेऊन पाहणार आहोत, कारण आईला तिच्या आसनावर किती वेळ बसवते हे कळल्याशिवाय विकत घेणे योग्य नाही. सध्याच्या स्कूटरचे आसन रुंद आहे आणि तिच्या पाठीला त्याची सवय झाली आहे. कंपनीला आज सविस्तर पत्र पाठवले. त्यात पलंग भिंतीला लावता येतो का आणि न्हाणीघराचा उंबरठा किती सेंटिमीटरचा आहे, हे दोन प्रश्नही विचारले आहेत.

उंबरठ्याचे वाचून काल रात्री आईनेच हॉलमध्ये पुन्हा केबिन आखायला लावली. घडी केलेल्या स्कूटरच्या मापाचा एक पुठ्ठ्याचा खोका पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, न्हाणीघराच्या रेषेवर दोन जाड पुस्तके उंबरठा म्हणून मांडली आणि दिवा मालवला. ती काठी घेऊन उठली, खोक्याला हाताने चाचपून वळसा घातला, पुस्तकांपाशी थांबली, आणि आधी काठी पलीकडे टेकवून मग पाय उचलला. सात पावले लागली. परत येताना तिने अंधारातूनच सांगितले की खोका अजून चार बोटे भिंतीकडे सरकवा. आम्ही सरकवला आणि त्या ठिकाणी नवी रेघ मारून ठेवली आहे.