कोकमाचा घरगुती उद्योग: यंत्रासाठी कर्ज मिळते, पण रातांबे घ्यायला पैसा कुठून आणावा?

प्रश्न
आम्ही बचतगटातील आठ जणी कुडाळ तालुक्यातील एका गावात चार वर्षांपासून आमसुले आणि आगळ (मीठ घातलेला कोकमाचा रस) तयार करतो. रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम जेमतेम दीड महिन्याचा असतो आणि उतरवलेले फळ दोन-चार दिवसांत फोडले नाही तर वाया जाते. त्यामुळे रातांबे, मीठ, मजुरी, बाटल्या हा सगळा खर्च एकदमच अंगावर येतो, विक्री मात्र वर्षभर थोडी थोडी होते आणि शहरातील दुकानदार दोन-तीन महिन्यांनी पैसे देतात. त्यातच 2025 साली मोसमी पाऊस 25 मेलाच तळकोकणात उतरला. दोन पुटे दिलेली, म्हणजे रसात दोनदा बुडवून वाळत घातलेली, सोले (फळांच्या साली) अंगणातून उचलून पडवीत पसरली, तरी चार दिवसांत त्यांवर पांढरी बुरशी आली. आम्हाला पल्परसाठी (फळाचा गर काढणाऱ्या यंत्रासाठी) कर्ज घेण्याचा सल्ला मिळत आहे. ते घ्यावे का?

उत्तर १
तूर्त घेऊ नये. फळे हातांनी फोडता येतात. तुमचे नुकसान वाळवणीत झाले आहे, म्हणून कर्ज घ्यायचेच तर ड्रायरसाठी घ्यावे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान कर्जाला जोडून ठेवले होते. त्याच योजनेत बचतगटाच्या प्रत्येक सदस्याला खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद होती, जिची चर्चा फारशी कोणी करत नाही. योजनेची मुदत 2025-26 पर्यंतची असल्याने सध्या काय चालू आहे, हे ‘उमेद’च्या (बचतगटांसाठीच्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) तालुका कार्यालयात आधी विचारावे.

उत्तर २
उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) विनामूल्य आहे, ती करून घ्यावी. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा कायदा सांगतो. अर्थात, कायद्याचे कलम दाखवले की पुढच्या वर्षी तो दुकानदार माल घेत नाही, हा माझा काजूगराच्या धंद्यातील अनुभव आहे. म्हणून बिलावर देय तारीख छापावी आणि मागची बाकी आल्याशिवाय नवा माल पाठवू नये.

उत्तर ३
सगळ्या बाटल्या मे महिन्यातच भरण्याची घाई का करता? मिठातले आगळ खाद्यपदार्थांसाठीच्या ड्रममध्ये टिकते. मागणी येईल तशा बाटल्या आणि लेबले आणली, तर तेवढी रक्कम ऐन हंगामात रातांब्यांसाठी मोकळी राहते. बिया फेकत नसालच. पावसाळ्यात त्यांचे मुठेल (कोकमाच्या बियांचे घट्ट तेल) काढता येते आणि त्याची विक्री हंगामावर अवलंबून नसते.

प्रश्नकर्ती
ड्रमची सूचना पटली. पण आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की पहिल्यांदा वीजच जाते, तेव्हा विजेवरचा ड्रायर कसा चालवायचा?

उत्तर १
विजेवरचा घेऊच नका. आमच्या गटाकडे लाकूडफाट्यावर चालणारा आहे आणि त्यात आम्ही नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) व करवंट्याच जाळतो. फक्त धूर सोलांना लागणार नाही, अशी चिमणी वेगळी काढून घ्या, नाहीतर आमसुलांना वास येतो.