ग्रॅच्युइटी, गुप्तदान, अंतस्थ: अमेरिकी राजकारणातल्या पैशाला मराठीत काय म्हणायचं?

रानवारा
अमेरिकेतल्या एका निकालावर मराठीत लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. इंडियाना राज्यात पोर्टेज नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या पालिकेने २०१३ मध्ये कचऱ्याचे ट्रक घेतले. सुमारे अकरा लाख डॉलरची ही कंत्राटं एकाच कंपनीला गेली, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने महापौर जेम्स स्नायडर यांना १३,००० डॉलर दिले. सल्ल्याची फी, असं महापौरांचं म्हणणं. ज्यूरीने दोषी धरलं. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की ज्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कलमाखाली खटला भरला ते 'ब्राइब'ला लागू आहे, 'ग्रॅच्युइटी'ला नाही. देणंघेणं आधी ठरलं असेल तर ब्राइब, मग पैसे नंतर का मिळेनात. काही न ठरवता काम झालं आणि मागाहून कुणी खूश होऊन दिलं, तर ग्रॅच्युइटी. तिचं काय करायचं ते राज्यांनी आणि गावांनी आपापलं बघावं.

आता मराठीत 'ग्रॅच्युइटी' लिहावं तर वाचकाला पाच वर्षं नोकरी झाल्यावर मिळणारी रक्कम आठवणार. 'बक्षिसी' लिहावं तर हॉटेलातल्या बडीशेपेच्या ताटलीत ठेवलेली नाणी. 'लाच' लिहिलं तर निकालच उलटा होतो. काय करू?

जाता जाता, 'डार्क मनी' आणि 'पार्टिझन' यांनाही शब्द हवेत.

तिरकस
चिरीमिरी.

रानवारा
अहो, १३,००० डॉलर म्हणजे दहा-अकरा लाख रुपये झाले. चिरीमिरी कसली त्यात?

तिरकस
मग 'श्रमपरिहार'. आमच्याकडे बिल पास झालं की ठेकेदार तो करतोच.

कोर्टाचीपायरी
तिरकसरावांचं सोडा. मराठीत शब्द सापडत नाही, कारण आपल्या कायद्याला या भेदाची गरजच पडली नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या ७व्या कलमात कामाआधी घेतलेलं जसं येतं तसं वाकडं काम करून मोबदला म्हणून मागाहून घेतलेलंही येतं. २०१८ च्या दुरुस्तीने शब्द बदलले, पण मोबदल्याचा भाग राहिला. त्यामुळे आपल्या तोंडी आणि आपल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कागदावर दोन्हीला एकच नाव आहे, लाच. त्यांच्याकडे ती एक वस्तू कापून दोन केली आहे. आणि तीही सगळ्यांसाठी नाही. फेडरल अधिकाऱ्यांना वेगळं कलम आहे, त्यात ग्रॅच्युइटीसुद्धा गुन्हाच. सूट मिळाली ती राज्यातल्या आणि गावातल्या लोकांना.

ही कापाकापी आधीपासून चालू आहे. २०१६ मध्ये व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर बॉब मॅक्डॉनेल यांची शिक्षा त्याच न्यायालयाने एकमताने रद्द केली. एका उद्योजकाकडून त्यांना आणि पत्नीला पावणेदोन लाख डॉलरच्या वर भेटी आणि कर्जं मिळाली होती. त्यात रोलेक्स घड्याळ होतं, मुलीच्या लग्नातल्या जेवणावळीचा खर्च होता. बदल्यात गव्हर्नरांनी काय केलं? अधिकाऱ्यांशी गाठी घालून दिल्या, आपल्या बंगल्यावर त्याच्या औषधासाठी कार्यक्रम ठेवला. न्यायालय म्हणालं, लाच ठरायला बदल्यात 'ऑफिशियल ॲक्ट', म्हणजे पदाच्या अधिकारात केलेलं सरकारी काम, लागतं; नुसती बैठक ठरवणं, कुणाला फोन करणं हे 'ऑफिशियल ॲक्ट' होत नाही. हे मराठीत सांगायला दोनच शब्द पुरतात: गव्हर्नरांनी 'शब्द टाकला'. आणि शब्द टाकणं हा तिथे गुन्हा नाही. तुमच्या लेखात 'ऑफिशियल ॲक्ट'साठी 'अधिकृत कृती' असलं काही लिहू नका, वाचकाला ओ की ठो कळणार नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर: 'कामानंतरची बक्षिसी'. पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'बक्षिसी' चालेल.

तिरकस
शुद्ध तुपातली लाच त्या देशात उरलीच नाही म्हणायची की.

कोर्टाचीपायरी
आहे ना. सॅन डिएगोकडचे काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य ड्यूक कनिंगहॅम. यांनी काँग्रेसचं बोधचिन्ह असलेल्या कागदावर स्वतःच्या हाताने दरपत्रक लिहून दिलं होतं. पहिल्या एक कोटी साठ लाख डॉलरच्या कंत्राटासाठी बोटीची मालकी, त्यापुढच्या प्रत्येक दहा लाखांना ५०,००० डॉलर, आणि एका मर्यादेपलीकडे दर निम्म्यावर, २५,०००. म्हणजे घाऊक सवलत. २००६ मध्ये आठ वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात तर सोन्याच्या लगडी आणि कपड्यांत कोंबलेली रोकड सापडली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अकरा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. या दोघांसाठी खुशाल 'लाच' लिहा.

मला त्यातून दिसतं ते असं, की सापडतो तो अडाणी. ज्याला जरा वकिली सल्ला आहे तो लगडी घेत नाही, देणगी घेतो.

मोडीवाचक
'बक्षिसी' मला पटत नाही. बक्षिसी वरचा खालच्याला देतो, इथे देणारा कंत्राटदार आहे आणि घेणारा महापौर. खालून वर जातो तो 'नजराणा'. पण नजराण्यात उघडपणा आहे, तो चारचौघांत ठेवायचा असतो.

तुम्हाला हवा तो शब्द पेशवाईच्या दप्तरांत आहे. 'अंतस्थ'. वरच्याला आतून पोचवलेला पैसा. मामलेदाराच्या हिशेबात तो 'दरबारखर्च' या नावानेही येतो. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या खर्चाची कुळकथा दिली आहे. मुळात ही मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना लपूनछपून दिलेली लाच. हळूहळू तिचा आकडा ठरून गेला, ती रीतसर खर्चात मांडली जाऊ लागली आणि इतर बाबींसारखी तपासलीही जाऊ लागली. मग ती लाच राहिली नाही, देणं झालं. पण तपासणाऱ्याला खूश ठेवण्याची गरज काही संपेना, म्हणून तिच्यावर पुन्हा वेगळा अंतस्थ चढला. आणि हे सगळं वसूल कुठून? रयतेकडून, वर मामलेदाराचा वाटा धरून.

अमेरिकेच्या गोष्टीतही मला नेमकं हेच दिसतं. कॉर्पोरेशनांनी फेडरल उमेदवारांना पैसे देण्यावर त्यांनी १९०७ मध्येच बंदी घातली. वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये देणगी आणि खर्च दोन्हींवर मर्यादा आल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने खर्चावरची मर्यादा उडवली, देणगीवरची ठेवली. २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड'च्या निकालात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं, की उमेदवाराशी संगनमत न करता प्रचारावर खर्च करायला कंपन्यांना आणि युनियनना मोकळीक आहे. काही आठवड्यांत खालच्या कोर्टाने अशा खर्चासाठी गोळा केलेल्या देणग्यांवरची मर्यादाही काढली, आणि 'सुपर पॅक' जन्मली, म्हणजे अशा देणग्या घेऊन प्रचारावर खर्च करणारी संस्था. आतल्या आत चालणारा व्यवहार रीतसर खात्यात मांडला गेला. दरबारखर्चच हा.

टॅमनी हॉल या न्यूयॉर्कच्या जुन्या राजकीय टोळक्यातले पुढारी जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट तर यावर प्रवचनं देत. त्यांनी 'ग्राफ्ट'चे दोन प्रकार केले होते, प्रामाणिक आणि अप्रामाणिक. बाग कुठे होणार हे आतून कळलं की आधीच तिथली जमीन घेऊन ठेवायची आणि मग पालिकेला चढ्या भावाने विकायची, हा प्रामाणिक. तिजोरी फोडायची, हा अप्रामाणिक. 'ग्राफ्ट'ला 'मलिदा' म्हणा. 'प्रामाणिक मलिदा' या जोडीतला विनोदही शाबूत राहतो.

रानवारा
मलिदा घेतला! मग 'डार्क मनी'ला 'अंतस्थ पैसा' म्हणू? पेपरांत सर्रास 'काळा पैसा' दिसतो.

शुद्धबुद्ध
काळा पैसा साफ चूक. काळा म्हणजे कर चुकवलेला, हिशेबाबाहेरचा. डार्क मनी हिशेबातला, बँकेतून गेलेला, कायदेशीर असतो. अंधारात असतं ते देणाऱ्याचं नाव, पैसा नव्हे. सुपर पॅकला देणगीदारांची यादी निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते. पण करखात्याच्या लेखी 'समाजकल्याण' करणारी एखादी ना-नफा संस्था सुपर पॅकला पैसे देते तेव्हा यादीत त्या संस्थेचं नाव येतं. तिला कुणी दिले ते सहसा सांगावं लागत नाही.

यासाठी आपल्याकडे घडवलेला, वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे: गुप्तदान. देवळाच्या पावतीवर असतो तोच. 'अंतस्थ' सुंदर आहे, पण आज दहातल्या नऊ वाचकांना व्याकरणातले अंतस्थ वर्ण, य-र-ल-व, आठवतील.

मोडीवाचक
गुप्तदानात पुण्य आहे हो. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणून ते गुप्त. इथे तर ज्याला कळायला हवं त्याला, म्हणजे उमेदवाराला, बरोबर कळलेलं असतं. न कळणारा फक्त मतदार.

शुद्धबुद्ध
तो उपरोध वाचकाला कळतो, आणि हवाच आहे. आपल्या निवडणूक रोख्यांच्या बाबतीतही आक्षेप हाच होता. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली, ती मतदाराच्या माहितीच्या अधिकारावर बोट ठेवून. बातमीत 'निनावी देणग्या' लिहा, लेखात 'गुप्तदान'.

आणि सगळाच मोठा पैसा गुप्त नसतो हेही लेखात येऊ द्या. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी पंचवीस कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, तेही नावानिशी. साध्या माणसाला मात्र एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलरच्या वर देता येत नाहीत, हा २०२५-२६ चा आकडा.

पोटोमॅककाठ
'सेल्फ-फंडिंग'ला 'स्ववित्तपुरवठा' नका लिहू, पाया पडते. 'पदरमोड' आहे ना! चिकोडी-बेळगावकडून आलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा प्रचाराचा बहुतेक पैसा त्यांचा स्वतःचा होता. प्राथमिक फेरीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटकडून काँग्रेसमध्ये निवडून गेले. उमेदवाराने स्वतःचे किती घालावेत यावर तिथे मर्यादा नाही, १९७६ च्या त्याच निकालामुळे.

तिरकस
पदरमोड म्हणजे गरिबाने पोटाला चिमटा घेऊन केलेला खर्च. कोट्यधीशाचा पदर मोडत नाही.

पोटोमॅककाठ
कबूल. मग 'स्वखर्चाने', संपलं.

'पार्टिझन'बद्दल: 'पक्षपाती' नको. पक्षपाती पंच असतो, न्यायाधीश असतो, म्हणजे ज्याने मधे उभं राहायचं तो. रिपब्लिकन सिनेटर रिपब्लिकनांची बाजू घेणारच, त्यात पात कसला? साधं वर्णन असेल तर 'पक्षीय', टोमणा असेल तर 'पक्षांध'. 'बायपार्टिझन'ला पेपरवाले 'द्विपक्षीय' लिहितात, आणि भारत-जपान चर्चेलाही द्विपक्षीयच. 'उभयपक्षी विधेयक' म्हणा.

आणि 'पार्टिझन फ्रस्ट्रेशन'ला 'पक्षीय नैराश्य' लिहिणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. नैराश्यात माणूस गप्प होतो. इथली माणसं गप्प नाहीत, वैतागलेली आहेत. मी उत्तर व्हर्जिनियात राहते, आमच्या गल्लीत निम्मी घरं सरकारी पगारावर. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये खर्चाचं विधेयक अडकल्याने सरकार ४३ दिवस बंद होतं (शटडाउन), तोवरचं सगळ्यात लांबलेलं. कामाला जायचं आणि पगार नाही. शेजारी डेमोक्रॅट, समोरचा रिपब्लिकन, दोघंही एकमेकांच्या पक्षाला शिव्या घालत होते आणि दोघांचा हप्ता तुंबला होता. याला 'उबग' म्हणतात.

रानवारा
'उबग' चपखल. ताई, एक शेवटचं. 'फिलिबस्टर'ला 'चर्चेचं गुऱ्हाळ' चालेल?

पोटोमॅककाठ
जुन्या काळासाठी चालेल. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं उभे राहून बोलले, ते गुऱ्हाळच. पण आता बहुतेक वेळा कुणी बोलतच नाही. चर्चा थांबवून मतदान घ्यायला सिनेटच्या शंभरातली साठ मतं लागतात, ती नाहीत एवढं कळलं की विधेयक तिथेच पडून राहतं. तो शटडाउनही त्या साठापायीच लांबला. 'अडवणूक' लिही.

मोडीवाचक
अडवणूक चांगला आहे. मूळ शब्द डच, अर्थ लुटारू, समुद्रावरचा. ते लेखात घालू नका, उगाच फाटे फुटतील.

तिरकस
घाला हो, फुटू द्या.