अ‍ॅडम स्मिथला कंपनी सरकारचा वकील ठरवू नका

निवृत्त_शिक्षक: ‘स्मिथ हा लोभाचा पुरोहित, आणि कंपनीने आपल्याला लुटले ते त्याचाच ग्रंथ उशाशी घेऊन’, हे इथले कालचे लिखाण वाचून राहवले नाही. अर्थशास्त्रज्ञ स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या सहा वर्षांपूर्वी बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती, आणि कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांमुळे तिथल्या टंचाईचा दुष्काळ झाला असावा, असे स्मिथने त्याच ग्रंथात लिहिले आहे. वकील आपल्या अशिलाविषयी असे लिहीत नाही.

सह्यकडा: ते लिखाण माझेच. सनावळी मान्य, पण स्मिथचा रोख बंधनांवर आहे, बाजारावर नाही, हे आपण सोयीस्करपणे गाळता. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हीच त्याची शिकवण पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी प्रमाण मानली, आणि १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधली गावे ओस पडत असताना देशातून धान्य बाहेर जातच राहिले. त्या मृतांचा हिशेब कोणी द्यायचा?

बागायतदार: दुष्काळावर आपण दोघे भांडा, मला व्यापाऱ्यांविषयी बोलायचे आहे. एकाच धंद्यातली माणसे एकत्र जमली की बोलणे शेवटी लोकांविरुद्धच्या कटावर येते, हे स्मिथनेच लिहिले आहे. माझे वडील हापूसच्या पेट्या शहरातल्या दलालाकडे धाडत. एकदा मी बरोबर होतो. दलालाने आणि खरेदीदाराने रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबली, माना हलल्या, आणि आमच्याच मालाचा भाव आमच्यासमोर ठरूनही आम्हाला कळला नाही. पुढे विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली. भाडे, हमाली आणि अडत वजा जाता जे उरले, त्यातून पुढच्या हंगामाच्या रिकाम्या पेट्याही आल्या नसत्या. तो रुमाल ज्याने पाहिला, त्याला स्मिथ परका वाटत नाही.

सह्यकडा: अशा भेटी न्यायाला धरून असलेल्या कायद्याने रोखता येणार नाहीत, असेही तो लगेच पुढे म्हणतो. मग आपल्या वडिलांना त्याचा उपयोग काय?

निवृत्त_शिक्षक: अर्धे वाक्य उचलू नका! त्या भेटींना कायद्याने निदान हातभार तरी लावू नये, असे त्याचे पुढचे म्हणणे आहे. आणि श्रीमंतांपुढे लोटांगण घालण्याच्या वृत्तीने माणसाची नीती बिघडते, हे प्रकरण त्याने मृत्यूच्या वर्षी, १७९० मध्ये, आपल्या नीतिविषयक ग्रंथात मुद्दाम घातले.

सह्यकडा: ‘पुरोहित’ हा शब्द मागे घेतो. दख्खनचा हिशेब मात्र सोडत नाही.