तीन मजली घरात मेश राउटर बसवूनही वरच्या मजल्यावर इंटरनेट मंद का चालते?

प्रश्न – द्राक्षबाग

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे तळमजला अधिक दोन मजले असे रो-हाउस आहे. फायबरची जोडणी ३०० एमबीपीएसची असून कंपनीची पेटी तळमजल्यावरील दिवाणखान्यात टीव्हीमागे आहे. पूर्वी एकाच राउटरने वरपर्यंत सिग्नल पोहोचत नसे, म्हणून तीन युनिटांचा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा) मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वाय-फाय देणारी युनिटे, घेतला आणि प्रत्येक मजल्यावर एक युनिट ठेवले. आता सिग्नलच्या काड्या सगळीकडे पूर्ण दिसतात, मात्र वेग मिळत नाही. तळमजल्यावर मुख्य युनिटशेजारी उभे राहूनही ९० ते ९४ च्या पुढे आकडा जात नाही, पहिल्या मजल्यावर साधारण ५० मिळतात आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे मी घरून काम करते, तिथे २५ ते ३०. रात्री व्हिडिओ कॉल अडखळतो. कंपनीचे तंत्रज्ञ येऊन ‘आमच्याकडून ३०० व्यवस्थित येत आहेत’ असे सांगून गेले. संच बदलावा, की प्लॅन वाढवावा?

उत्तर – चौथी जोडी

सध्या दोन्ही करू नका. आपण दिलेल्या आकड्यांत मला दोन स्वतंत्र दोष दिसतात आणि ते वेगवेगळेच शोधावे लागतील.

पहिला दोष तळमजल्यावरचा आहे. वाय-फायचा वेग दर चाचणीला वरखाली होत असतो. तो सतत ९४ च्या आसपास येऊन अडत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची तार किंवा पोर्ट आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. १०० च्या इथरनेट जोडणीतून माहितीच्या पाकिटांवरील पत्ते वगैरेंचा भाग वजा जाता प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. याची कारणे बहुधा दोन असतात. फायबरच्या अनेक पेट्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) असते आणि उरलेली १०० ची असतात; गिगाबिटच्या पोर्टावर बहुधा ‘जीई’ आणि इतरांवर ‘एफई’ असे लिहिलेले असते. दुसरे कारण लॅन केबल. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिटला चारही लागतात, परंतु १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. म्हणून एखादी तार कनेक्टरमध्ये नीट दाबली गेली नसेल, तर जोडणी बंद न पडता मुकाट्याने १०० वर उतरते आणि दिवे मात्र लुकलुकत राहतात.

कृपया लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या पेटीला, शक्य तर जीई पोर्टला, जोडून वेग मोजा, मग मुख्य युनिटला जोडून मोजा. मुख्य युनिटच्या ॲपमध्ये ‘क्यूओएस’ (वेगाची वाटणी व मर्यादा ठरवणारी सोय) सुरू असेल तर तिथे जुन्या प्लॅनचा आकडा राहिला आहे का, हेही पाहावे. दुसऱ्या मजल्याचा विचार त्यानंतर.

उत्तर – सायंतारा

माझ्या मते ३०० ऐवजी ५०० चा प्लॅन घ्यावा आणि जिन्यात चौथे युनिट बसवावे. युनिटे जितकी जास्त, तितका सिग्नल चांगला.

उत्तर – जिन्याखाली

वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. सिग्नल आणि वेग या निरनिराळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवरच्या काड्या फक्त मोबाइल आणि जवळचे युनिट यांच्यातील जोडणी दाखवतात. ते युनिट खालच्या युनिटशी किती दुबळ्या धाग्याने बांधलेले आहे, हे त्या काड्यांना ठाऊक नसते.

ड्युअल बँड संचात युनिटांचे आपसातले दळणवळण आणि मोबाइलशी होणारे दळणवळण साधारणपणे एकाच ५ गिगाहर्ट्झच्या चॅनेलवर चालते. एक युनिट बोलत असताना त्या चॅनेलवरील दुसऱ्याला थांबावे लागते. समजा, तळमजला ते पहिला मजला ही जोडणी स्वतंत्रपणे २०० एमबीपीएस देते, पहिला ते दुसरा १२० देते आणि दुसऱ्या मजल्यावरील युनिट ते आपला लॅपटॉप ३०० देते. एक मेगाबिट माहिती वर पोहोचायला अनुक्रमे ५, ८.३ आणि ३.३ मिलिसेकंद, म्हणजे एकूण साधारण १६.७ मिलिसेकंद लागतील. सेकंदाला ६० मेगाबिट! कोणतीही एक कडी १२० च्या खाली नसताना हातात ६० च येतात. जिन्यातले चौथे युनिट साखळीत शिरले तर त्यात आणखी एक टप्पा वाढू शकतो, आणि प्लॅन ५०० चा केला तरी हे गणित तसूभरही बदलत नाही.

त्यातच आपल्याकडचे स्लॅब लोखंडी सळयांचे असतात आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यांतून २.४ गिगाहर्ट्झपेक्षाही जास्त क्षीण होऊन बाहेर पडतात. म्हणून युनिटे जिन्याच्या तोंडाशी ठेवून पाहावीत, कारण तेवढाच भाग स्लॅबविना मोकळा असतो. टीव्हीच्या कपाटात, लोखंडी कपाटावर किंवा फ्रिजमागे युनिट ठेवू नये. ॲपमध्ये युनिटांमधला सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचे माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) दिसत असेल, तर उणे ६५ किंवा त्याहून बरा असावा. उणे ७५ च्या खाली गेल्यास ती कडी निरुपयोगीच समजा. दुसऱ्या मजल्यावरील युनिट मधल्या युनिटमार्फत जोडले गेले आहे की थेट तळमजल्याशी, आणि ५ वर आहे की २.४ वर घसरले आहे, हेही बघून कळवावे.

द्राक्षबाग

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लॅपटॉप थेट पेटीच्या जीई पोर्टला जोडल्यावर २९० च्या आसपास वेग मिळाला आणि रात्री दहा वाजताही तो जवळजवळ तेवढाच होता, त्यामुळे कंपनीचा दोष नाही हे मान्य. मुख्य युनिटची केबल मात्र एफई लिहिलेल्या पोर्टात होती. ती जीईमध्ये लावली, तरी ॲपमध्ये जोडणी १०० चीच दिसत होती. मग केबलच बदलली, आणि तळमजल्यावर मोबाइलवर २५० ते २८० मिळू लागले. क्यूओएस बंदच होते.

दुसऱ्या मजल्यावरील युनिट मधल्या युनिटमार्फत ५ गिगाहर्ट्झवर जोडलेले असून सिग्नल उणे ७४ आहे. जिन्याजवळ सरकवल्यावर तो उणे ६७ झाला आणि वेग ५५ पर्यंत गेला. यापुढे जाण्यासाठी ट्राय बँड संच घ्यावा का? की भिंती फोडून तार टाकावी? घर नुकतेच रंगवले आहे.

उत्तर – चौथी जोडी

ट्राय बँड संचात युनिटांच्या आपसातील दळणवळणासाठी सहसा एक वेगळा रेडिओ असतो, त्यामुळे रांगेत थांबणे कमी होते. पण तो रेडिओही त्याच स्लॅबमधून जाणार. दोन्हींत निवड करायची झाली, तर मी तारच निवडेन. खर्चही नव्या संचापेक्षा बहुधा कमी येतो.

भिंती फोडायची गरज पडेलच असे नाही. डिश टीव्हीची केबल गच्चीवरून खाली दिवाणखान्यात ज्या पाइपातून आली आहे, तो पाइप आधी तपासा. ती वापरात नसेल, तर तिच्याच टोकाला नवी केबल बांधून ओढून घेता येते. पाइप अरुंद असेल तर बाहेरच्या भिंतीवरून किंवा डक्टमधून न्यावी, मात्र त्यासाठी उन्हात टिकणारी, बाहेरच्या वापराची केबल मागावी. विजेच्या तारांच्या पाइपात लॅन केबल कधीही घालू नये, वायरमन ‘चालतं हो’ म्हणाला तरीही. कॅट ५ई (लॅन केबलचा एक प्रकार) सुद्धा गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते; पण केबल शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते, ती वाकवताना तुटते आणि मग पुन्हा तोच १०० चा प्रश्न उभा राहतो.

दोन केबल टाकता आल्या तर उत्तमच. एकच शक्य असेल तर ती दुसऱ्या मजल्यावर न्या. मग तिथल्या लॅपटॉपला वायरलेसचा एकच टप्पा राहील आणि मधले युनिट वरच्या किंवा खालच्या, ज्याचा सिग्नल बरा असेल त्या युनिटशी एका टप्प्यात जोडले जाईल.

द्राक्षबाग

गच्चीचा पाइप आहे आणि त्यातली केबल बंदच आहे. एक शेवटची शंका. वरून येणारी नवी केबल फायबरच्या पेटीच्या रिकाम्या पोर्टात लावायची, की मुख्य युनिटमध्ये? शिवाय पेटीचे स्वतःचे वाय-फायही अजून सुरू आहे.

उत्तर – जिन्याखाली

मुख्य युनिटच्या लॅन पोर्टातच लावा. मुख्य युनिट राउटर म्हणून काम करत असताना वरचे युनिट थेट पेटीला जोडले, तर ते मुख्य युनिटच्या जाळ्याबाहेर पडते आणि बऱ्याचदा संचाशी जोडलेच जात नाही. मुख्य युनिटला पोर्ट कमी पडत असतील तर एक साधा गिगाबिट स्विच (पोर्ट वाढवणारे यंत्र) मध्ये घालावा.

पेटीचे वाय-फाय बंद करा. शेजारी ठेवलेली दोन यंत्रे विनाकारण एकाच हवेसाठी भांडतात. पेटी आणि मुख्य युनिट दोघेही राउटर म्हणून चालत असतील तर दुहेरी नॅट होते, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते. त्याने वेग फारसा घटत नाही, पण ऑनलाइन खेळ आणि घरचा सीसीटीव्ही बाहेरून पाहणे यांत अडथळे येतात. तसा त्रास असेल तर कंपनीला सांगून पेटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम सोडून फक्त जोडणी पुढे देणे) टाकून घ्या आणि पीपीपीओईचे (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम व पासवर्ड आधी मागून ठेवा, नाहीतर मोड बदलल्याबरोबर घरातले इंटरनेट बंद पडेल.

केबल जोडल्यावर दुसऱ्या मजल्यावरील युनिटची जोडणी ॲपमध्ये ‘इथरनेट’ अशी दिसते आहे ना, आणि तीही १००० ची, एवढे पाहून मगच भिंतीवर पट्ट्या ठोकाव्यात.